संस्कृत नाटकाचा अभ्यासक आणि शिक्षक व्हायचंय? मग नाटक उभं राहून वाचा

प्रवेशाच्या दिवसांत एक प्रश्न मला हमखास येतो: "मॅडम, संस्कृत नाटकातच पुढं काही करायचंय. एम.ए. कशात करू, संस्कृतात की नाट्यशास्त्रात?" आयुष्यभर हाच विषय शिकवत आले, निवृत्तीनंतरही कार्यशाळांमधून तेच करते आहे, म्हणून उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

प्रश्न रास्त आहे. आपल्या विद्यापीठांत या विषयाची दोन घरं आहेत आणि त्यांचं एकमेकांकडे जाणंयेणं फारसं नाही. संस्कृत विभागात शाकुंतल काव्य म्हणून शिकवलं जातं: अन्वय, समास, अलंकार, 'ससंदर्भ स्पष्टीकरण द्या'. नाट्यविभागात भरताच्या 'नाट्यशास्त्र' या ग्रंथावर एक पेपर असतो. त्यात आठ रस, चार अभिनय, दहा रूपकं पाठ करून, मूळ संहितेला हातही न लावता, चांगले गुण मिळतात. या विषयात खरोखर काम करायचं असेल तर दोन्ही घरांत राहावं लागतं आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात नेऊन तपासावी लागते. पुढचा सगळा सल्ला या एका मुद्द्यावर उभा आहे.

आधी कुठल्या घरात शिरायचं

पंचविशीच्या आत असाल तर एम.ए. संस्कृतात करा आणि संध्याकाळी तालमीला जा. धातुरूपं, संधी, छंद, प्राकृत यांना रोजचा सराव लागतो. तो विद्यार्थिदशेत होऊन जातो, नोकरी-संसार सुरू झाल्यावर त्यासाठी वेळ काढणं फार जड जातं. रंगमंच मात्र पुढंही शिकता येतो, आणि नाटकवाली मंडळी तशीही संध्याकाळीच भेटतात. झाडू मारा, प्रॉम्प्टिंग करा, दुसऱ्याच्या नाटकात मागे भाला घेऊन उभे राहा. नट रंगमंचावर श्वास कुठं घेतो, वाक्य कुठं तोडतो हे विंगेतून जितकं कळतं तितकं प्रेक्षागृहातून कळत नाही.

नाट्यविभागातून येत असाल, म्हणजे पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग किंवा गोव्याची कला अकादमी, तर उलट दिशेनं चाला. संभाषण शिबिरानं भीती जाते, म्हणून ते जरूर करा. पण संभाषण आलं म्हणजे 'उत्तररामचरित' लिहिणारा भवभूती वाचता येतो असं नाही. त्यासाठी एखाद्या शिक्षकांकडे बसून एकेक अंक ओळीनं लावावा लागतो. पुण्यात, मुंबईत, नागपूर-रामटेक भागात असे शिक्षक अजून आहेत आणि शिकायला कुणी आलं की त्यांना मनापासून आनंद होतो. संकोच न करता जाऊन विचारा.

नाटक कसं वाचायचं

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते अभ्यासक इथंच घडतो.

पहिलं वाचन फक्त कंसातल्या रंगसूचनांचं. श्लोकांकडे पाहायचंच नाही. शाकुंतलाचा पहिला अंक घ्या आणि सूचना एका कागदावर उतरवा. रथाचा वेग 'निरूपित' होतो, म्हणजे अभिनयातून दाखवला जातो, बाण जोडण्याचा अभिनय होतो, झाडांना पाणी घालण्याचा होतो, भुंग्यानं त्रास देण्याचा होतो. यादी पुरी झाली की लक्षात येतं की रंगमंचावर रथ नाही, हरीण नाही, पाणी नाही, भुंगाही नाही. सगळा अंक नटाच्या देहातून उभा राहायचा आहे. आता राघवभट्टाची 'अर्थद्योतनिका' ही टीका उघडा. निर्णयसागर छापखान्याच्या आवृत्तीत ती मूळ संहितेसोबत छापलेली आहे. अशा जागी हात कसे धरायचे, डोकं कसं हलवायचं हे तो नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगतो. व्याकरणाच्या तासाला आपण हीच वाक्यं 'अनावश्यक' म्हणून ओलांडून जातो.

दुसरं वाचन उपस्थितीचं. मोठा कार्डशीट घ्या. वर पात्रांचे रकाने आखा, डावीकडे संवादांचे क्रमांक लिहा, आणि प्रत्येक क्षणी रंगमंचावर कोण आहे ते भरत जा. बोलणाऱ्यांपेक्षा न बोलणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्या. पाचव्या अंकात दुष्यंत आणि कण्वाचा शिष्य शार्ङ्गरव यांची खडाजंगी चालू असताना शकुंतला बराच वेळ गप्प उभी आहे. पुस्तकात ती दिसत नाही, प्रेक्षकाला मात्र सतत दिसत असते. त्या वेळात ती काय करते याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि ते देताना तुम्ही त्या अंकाचे अभ्यासक होता.

तिसरं वाचन आवाजाचं. वृत्त ओळखून थांबू नका, यतीप्रमाणे, म्हणजे वृत्तातल्या ठरलेल्या विरामांप्रमाणे, मोठ्यानं म्हणा. पळत्या हरणाचं वर्णन करणारा 'ग्रीवाभङ्गाभिरामं' हा श्लोक स्रग्धरेत आहे: २१ अक्षरं, सात-सात-सात असे तीन तुकडे. 'ग्रीवाभङ्गाभिरामं' इथं सात, 'मुहुरनुपतति' इथं सात, 'स्यन्दने दत्तदृष्टिः' इथं सात. मधल्या तुकड्यात ओळीनं सहा लघू येतात आणि जीभ आपोआप पळू लागते. राजा रथात आहे, घोडे धावताहेत, हरीण मान वळवून मागं पाहत झेपावतंय, आणि कवीनं ती धाव नटाच्या श्वासात बांधून दिली आहे. हे परीक्षेच्या उत्तरात 'स्वभावोक्ती अलंकार' एवढ्या दोन शब्दांत संपतं. मोठ्यानं म्हटल्याशिवाय ते कळत नाही, मनात वाचून तर मुळीच नाही.

चौथं वाचन प्राकृताचं. छापील आवृत्त्यांत प्राकृत संवादाखाली त्याची संस्कृत छाया, म्हणजे शब्दशः रूपांतर, देतात आणि विद्यार्थी फक्त छाया वाचतात. छायेवर कागद ठेवा. शकुंतला, तिच्या सख्या आणि विदूषक शौरसेनीत बोलतात, सहाव्या अंकातला कोळी मागधीत, आणि पदं महाराष्ट्रीत असतात. तिसऱ्या अंकात शकुंतला कमळाच्या पानावर नखांनी जे प्रेमपत्र लिहिते त्याची सुरुवात आहे 'तुज्झ ण आणे हिअअं'. मराठी मुलामुलींना याची संस्कृत छाया लागतच नाही. मृच्छकटिकातला शकार, म्हणजे राजाचा उर्मट मेहुणा, 'स'च्या जागी 'श' म्हणतो, त्याचं सगळं हास्य त्या उच्चारात आहे. छाया वाचणाऱ्याला तो विनोदी का आहे हे कधीच समजणार नाही.

हे चारही प्रकार एका संपूर्ण नाटकावर करायचे, आणि ते नाटक लहान निवडायचं. मी 'ऊरुभंग' सुचवते. एकच अंक, आणि सुरुवातीलाच नटांपुढं मोठं आव्हान: भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध दाखवलेलंच नाही, तीन सैनिक ते पाहत पाहत आपल्याला सांगतात. मग मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवरून सरकत येतो, मूल मांडीवर बसायला येतं आणि त्याला बसू देता येत नाही, आणि शेवटी तो सर्वांसमोर मरतो. संस्कृत नाटकात मृत्यू दाखवत नाहीत हे विधान तुम्ही गाईडमध्ये वाचलेलं असतं. ते किती जपून वापरावं हे या एका नाटकावरून कळतं.

एक सावधगिरी मात्र आत्तापासून बाळगा. 'ऊरुभंग' ज्या तेरा नाटकांत मोडतं ती टी. गणपतिशास्त्री यांना केरळात ताडपत्रांवर मिळाली आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमहून भास या प्राचीन नाटककाराच्या नावावर प्रसिद्ध झाली. या तेरांच्या हस्तलिखितांत कर्त्याचं नाव नाही. ती भासाची की केरळच्या नटांनी प्रयोगासाठी बेतलेली, हा वाद तेव्हापासून चालू आहे. प्रबंधात 'भासाने म्हटले आहे' असं सरसकट लिहू नका. तळटीप द्या, वाद सांगा, मग पुढं जा.

नाट्यशास्त्र पहिल्या अध्यायापासून वाचू नका

पहिल्यापासून सुरू करणारे बहुतेक जण तिसऱ्यातल्या रंगदेवतापूजनापाशी थकतात. माझा क्रम असा: आधी सहावा आणि सातवा अध्याय, रस आणि भाव. मराठी वाचकाचं भाग्य असं की र. पं. कंगले यांनी 'रस-भाव-विचार'मध्ये हे दोन्ही अध्याय अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती' या टीकेच्या उपलब्ध भागासह मराठीत आणून ठेवले आहेत. इतकं नेमकं काम फार थोड्या भारतीय भाषांत झालं असेल. साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं आता संकेतस्थळावर मोफत मिळतात, तिथं आधी शोधा.

त्यानंतर दुसरा अध्याय, नाट्यगृहाचा. मग कक्ष्याविभागाचा, म्हणजे एकाच रंगपीठावर (नटांच्या वावराच्या जागेवर) वन, नगर, घराचा आतला भाग आणि बाहेरचा भाग कसे कल्पायचे त्याचा. 'परिक्रम्य' एवढ्या एका शब्दावर नट चार पावलं गोल चालतो आणि तपोवनातून राजवाड्यात पोचतो, त्यामागचं शास्त्र इथं आहे. मग सिद्धीचा, म्हणजे प्रयोगाच्या यशाचा, सत्ताविसावा अध्याय. बाकीचं गरजेनुसार.

अध्यायांचे क्रमांक देताना आवृत्ती नेहमी सांगा. कक्ष्याविभाग बडोद्याच्या आवृत्तीत तेरावा आहे, मनमोहन घोष यांच्या इंग्रजी अनुवादात चौदावा. बडोद्याची आवृत्ती गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत रामकृष्ण कवींनी सुरू केली, पहिला खंड १९२६ चा, चौथा १९६४ चा. 'अभिनवभारती' वाचायची तर तीच हाताशी हवी. ती टीकाही अखंड मिळालेली नाही: सातव्या अध्यायावरचा बराचसा भाग आणि आठव्यावरचा भाग हरवलेला आहे. एखादा वक्ता 'अभिनवगुप्त आठव्या अध्यायात म्हणतो' असं सांगू लागला तर नम्रपणे संदर्भ विचारा.

मैदानावर नाट्यगृह आखा

हा प्रयोग मी प्रत्येक तुकडीकडून करून घेते आणि तुम्हीही शिक्षक झालात की करून घ्या. लागतं काय, तर फक्कीची पिशवी, सुतळी, मोजपट्टी आणि शाळेचं मैदान.

भरत सांगतो की माणसांसाठी मध्यम आकाराचा लांबट मंडप उत्तम: ६४ हात लांब, ३२ हात रुंद. हात म्हणजे २४ अंगुळं, ढोबळमानानं दीड फूट. म्हणजे ९६ फूट बाय ४८ फूट. हा आयत आखा. लांबीचे दोन समान भाग करा. पुढचा अर्धा, ४८ बाय ४८ फुटांचा, प्रेक्षकांचा. मागच्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. सर्वांत मागचा २४ फुटांचा पट्टा नेपथ्याचा, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीचा. उरलेल्या २४ फुटांत रंगशीर्ष आणि रंगपीठ, म्हणजे रंगमंचाचा मागचा आणि पुढचा भाग. रंगपीठाच्या दोन बाजूंना मत्तवारणी नावाची जागा, आठ हातांची.

इथं मुलं भांडू लागतात आणि तसंच व्हायला हवं. मत्तवारणी नेमकी कुठं? मंडपाच्या रुंदीच्या आत की बाहेर? तिची उंची रंगपीठाइतकी की जास्त? रंगशीर्ष उंच की समतल? श्लोक इतके थोडक्यात आहेत की अभिनवगुप्तापासून विसाव्या शतकातल्या संशोधकांपर्यंत प्रत्येकानं वेगळा आराखडा काढला आहे. विद्यार्थ्यांचे दोन गट करा, दोघांना तेच श्लोक द्या आणि दोन मंडप आखायला सांगा. मग दोन्हींत ऊरुभंगातला दुर्योधन आत आणून बघा. कुठल्या आराखड्यात तो सर्वांना दिसतो? मागून आलेली गांधारी त्याला झाकते का? या प्रश्नांवर वर्गात तास न् तास बोलून जे सुटत नाही ते मैदानावर बरंच स्पष्ट होतं.

शेवटी एकाला प्रेक्षकांच्या शेवटच्या ओळीच्या जागी उभं करा आणि रंगपीठावरून श्लोक म्हणा. भरतानं याहून मोठा मंडप नको म्हटलं त्याचं कारण त्यानंच दिलं आहे: मंडप वाढला की नटाचा शब्द विस्कटतो आणि चेहऱ्यावरचा भाव दिसेनासा होतो. आखलेल्या जागेच्या दुप्पट अंतरावर त्या विद्यार्थ्याला न्या आणि पुन्हा म्हणा. त्याला काय ऐकू आलं ते लिहून घ्या. शास्त्र वाचलं आणि तपासलं, दोन्ही एका सकाळीत होतं.

केरळला जा

संस्कृत नाटक नटांच्या परंपरेतून जिथं आजही चालू आहे ती जागा केरळ. कूडियाट्टम या तिथल्या संस्कृत नाट्यप्रकाराला युनेस्कोनं २००१ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत घेतलं. चेरुतुरुत्तीचं केरळ कलामंडलम, इरिंजालकुडाचं गुरुकुल, तिरुवनंतपुरमची मार्गी ही शिकण्या-पाहण्याची ठिकाणं आहेत. कलामंडलमनं १९६५ मध्ये कूडियाट्टमचा विभाग सुरू केला आणि परंपरेनं ती करणाऱ्या चाक्यार-नंब्यार घराण्यांबाहेरच्या मुलांना ही कला शिकायला मिळू लागली. तुम्ही-आम्ही आज तिथं पायरीवर बसून शिकवणी पाहू शकतो ते त्यामुळे.

जायचं ते एका प्रयोगासाठी नको. एखादा अंक सलग रात्री चालणार असेल तेव्हा जा. पहिल्या रात्री एकच पात्र येतं, मग त्याचं निर्वहण, म्हणजे कथेच्या आत शिरण्याआधीची पूर्वकथा, केवळ हात आणि डोळ्यांनी. मागं मिऴाव हे घटासारखं चर्मवाद्य वाजत असतं, बाजूला नंग्यार, म्हणजे नंब्यार घराण्यातली स्त्री, बसून ताल धरते. आपल्याला दोन तासांच्या नाटकाची सवय असल्यानं पहिल्या रात्री चुळबूळ होते. थांबा. कवीच्या एका ओळीतून नट किती काढू शकतो याची मोजदाद तिथं नव्यानं करावी लागते. 'बालिवध' पाहायला मिळालं तर सोडू नका. त्याच तेरा नाटकांतल्या 'अभिषेक'चा तो पहिला अंक आहे, आणि त्यातलं वालीचं मरण पाहिल्यावर ऊरुभंगाचा शेवट तुम्ही वेगळा वाचाल.

परत आल्यावर मात्र 'कालिदासाच्या काळी असंच होत असे' असं वर्गात सांगू नका. कूडियाट्टम ही केरळची, तिथल्या मंदिरांत वाढलेली परंपरा आहे. तिचा विदूषक मलयाळममध्ये बोलतो, तिच्या नटांच्या आट्टप्रकारम् या संहिता तिच्या स्वतःच्या आहेत. शाकुंतल तर तिच्या जुन्या प्रयोगसंचात नव्हतंच, ते अलीकडच्या दशकांत बसवलं गेलं. तिच्याकडून शिकायचं ते नटाची शिस्त आणि संहितेकडे पाहण्याची नजर.

संशोधनाचा विषय आणि पोटापाण्याचं

विषय निवडताना 'कालिदासाची स्त्रीपात्रे: एक अभ्यास' या वाटेनं जाऊ नका. मराठीत न झालेलं काम घराजवळ पडलेलं आहे. किर्लोस्करांचं शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगमंचावर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कालिदासाच्या कुठल्या श्लोकाचं पद झालं, कुठल्याचं गद्य झालं, कुठला गळला, आणि त्यामुळे अंकाची लय कशी बदलली, हे अंकागणिक लावून पाहिलं तर पुस्तकभर ऐवज निघेल. देवलांच्या मृच्छकटिकाचंही तसंच. परशुरामतात्या गोडबोल्यांनी त्याआधीच ही नाटकं मराठीत आणली होती. ती भाषांतरं आणि नंतरच्या रंगावृत्त्या शेजारी ठेवून वाचायला हव्यात. राज्य शासनाच्या संस्कृत नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं जी नाटकं झाली त्यांच्या संहिता कपाटांत आणि घरांत पडून आहेत. त्यांच्याकडे कुणी संशोधक म्हणून गेलेलं मला फारसं दिसलं नाही.

नोकरीचं थोडक्यात. सहायक प्राध्यापकासाठी ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. नेटमध्ये संस्कृतचा विषय क्रमांक २५, नृत्य-नाट्याचा ६५. जमलं तर दोन्ही विषयांत पदव्युत्तर पदवी आणि दोन्हींत नेट करून ठेवा. जाहिरातीत 'संबंधित विषय' असे दोन शब्द असतात आणि मुलाखतीच्या वेळी त्यांच्यावर सगळं अडतं: संस्कृतवाले म्हणतात तुमचा प्रबंध नाट्याचा, नाट्यवाले म्हणतात संस्कृताचा. म्हणून पीएच.डी.ची नोंदणी करतानाच ज्या विभागात शिकवायचंय त्या विभागात करा आणि शीर्षकात त्या विषयाचं नाव येऊ द्या. प्रबंधाला किमान तीन, कमाल सहा वर्षं मिळतात.

कायम जागा कमी निघतात. पुष्कळांची सुरुवातीची वर्षं तासिका तत्त्वावर जातात, एका गावात सकाळचे तास आणि दुसऱ्या गावात दुपारचे. हे माहीत असून या वाटेला या. त्या काळात शाळांची संस्कृत नाटकं बसवा, उच्चाराच्या कार्यशाळा घ्या, नटांना वृत्तं शिकवा. नाटकमंडळी या कामाचे पैसे देतात, फक्त ते आधी ठरवून घ्यायला शिका. संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची कनिष्ठ आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती असते, तिच्यासाठी अर्ज करा. केरळचा मुक्काम किंवा हस्तलिखितांचं काम त्यात बसतं.

वर्गात

पहिल्याच तासाला 'नाट्योत्पत्तीची कथा' सांगत बसू नका. तीन विद्यार्थ्यांना उभं करा आणि 'जनान्तिकम्' शिकवा. दोघं आपसांत बोलताहेत, तिसरा तिथंच आहे, पण त्याला ऐकू येत नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. नटानं हाताचा त्रिपताक करायचा, म्हणजे अनामिका वाकवलेली आणि बाकी बोटं सरळ, आणि त्या आडोशानं बोलायचं. मग तिसऱ्याला विचारा, तू या वेळी काय करतोयस? तो गोंधळतो. तो गोंधळला की वर्ग जागा होतो, कारण नाटक हा एक करार आहे हे सगळ्यांना एकदम समजतं. पुढचा तास 'स्वगतम्' (मनाशी बोलणं) आणि 'अपवार्य' (वळून एकालाच गुपित सांगणं) यांतल्या फरकाचा.

मग पाचवा अंक द्या. सगळा नको, अंगठी शोधण्याची जागा तेवढी. शकुंतला खूण दाखवते म्हणते, 'मुद्रास्थानं परामृश्य' ही सूचना येते, बोटात अंगठी नाही, आणि ती खचून सोबत आलेल्या वृद्ध तापसी गौतमीकडे पाहते. एवढंच पाच जणींकडून करून घ्या. हात बोटाकडे कधी जातो, बोलता बोलता की बोलणं थांबल्यावर? ती आधी बोटाकडे पाहते की आधी स्पर्शानं कळतं? सूचनेत 'पाहून' नाही, 'चाचपून' आहे. एकदा एका विद्यार्थिनीनं राजाकडेच पाहत, हसऱ्या चेहऱ्यानं बोट चाचपलं आणि ते हसू तसंच राहिलं. पुढं कितीतरी वेळ वर्गात कुणी बोललं नाही. त्या दिवशी करुणरसाची व्याख्या सांगायची गरज उरली नव्हती. ती मी दुसऱ्या दिवशी सांगितली आणि सगळ्यांनी ती मन लावून लिहून घेतली.

बायका प्राकृत का बोलतात, राजाच संस्कृत का, हा प्रश्न कुणीतरी विचारेल. टाळू नका. भरत नाट्याला सर्व वर्णांसाठीचा पाचवा वेद म्हणतो, आणि शेवटाकडे त्याच ग्रंथात भरतपुत्रांना, म्हणजे नटांना, शूद्र होण्याचा शाप मिळाल्याची कथाही येते. दोन्ही उतारे वर्गात ठेवा, विद्यार्थ्यांना भांडू द्या. या नाटकांवर प्रेम करण्यासाठी त्यांच्यातला उतरंडीचा समाज झाकायची गरज नाही. झाकला तर ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या संस्कृतचं दार बंद होतं ती मुलं वर्गात येऊनही बाहेरच राहतात. माझ्या वर्गात शकाराची आणि कोळ्याची भाषा अशाच मुलांनी सर्वांत चांगली म्हटली आहे.

मूल्यमापनासाठी सत्ताविसावा अध्याय वापरा. प्रयोग पारखणारे दहा प्राश्निक भरतानं सांगितले आहेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक. ज्याची त्याची जाण वेगळी म्हणून प्रत्येकानं आपापल्या अंगानं पाहायचं. वर्गातल्या प्रयोगाला दहा जणांना या दहा भूमिका वाटून द्या. छंदवाल्यानं फक्त यती ऐकायची, चित्रकारानं फक्त उभं राहणं पाहायचं, धनुर्धरानं बाण जोडताना खांदा बरोबर होता का ते सांगायचं. शिक्षकाच्या एका शेऱ्यापेक्षा हे नटाला खूप जास्त देतं. त्याच अध्यायात प्रयोगात येणाऱ्या विघ्नांची यादी आहे, तीत मुंग्या, किडे आणि मध्येच घुसणारी जनावरंही येतात. मैदानावर तालीम घेतलेल्या कुणालाही ती यादी खरी वाटेल.

प्रयोगाची नोंद

तुम्ही नाटक बसवाल, स्पर्धेत न्याल, शाळेत कराल. प्रत्येक वेळी रंगप्रत तयार ठेवा. डाव्या पानावर संहिता, उजव्या पानावर हालचाली, कुठला श्लोक चालीत म्हटला आणि कुठला बोलून, काय कापलं आणि का, प्राकृत ठेवलं की मराठी केलं. प्रयोगाची तारीख, जागा, नटांची नावं, वाद्यं लिहा. मोबाइलवर चित्रीकरण कराच, पण त्यावर विसंबू नका. फोन बदलला की ते जातं, आणि त्यात का कापलं ते नसतंच. रंगप्रतीची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंदवून द्या आणि दाखल क्रमांक आपल्या प्रतीवर लिहून ठेवा. ग्रंथपाल 'हे पुस्तक नाही' म्हणतील. तेव्हा प्राचार्यांच्या सहीचं पत्र सोबत न्या.